काटापट्टीला नाव-खातं जोडताना: डेटाबेस लुकअपची पायरी नीट कशी लावायची

कापसाचा हंगाम सुरू झाला की शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रत्येक संकलन केंद्रावरून रोज संध्याकाळी एक सीएसव्ही फाइल कार्यालयात येते. तिच्यात काटापट्टीचा क्रमांक, तारीख, सभासद क्रमांक, पीक, प्रत आणि निव्वळ वजन एवढंच असतं. सभासदाचं नाव, मौजा, तहसील, बँक खातं हे सगळं कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये. चुकाऱ्याची यादी बँकेत जायची तर फाइलमधल्या प्रत्येक ओळीला डेटाबेसमधली माहिती चिकटवावी लागते. हे काम एक्सेलमध्ये व्ही-लुकअप लावून कित्येक ठिकाणी चालतं, आणि दिवाळीनंतर आवक वाढली की कोलमडतं. त्यासाठीच डेटा पाइपलाइनमध्ये, म्हणजे माहितीवर एकामागून एक पायऱ्या आपोआप चालवणाऱ्या साखळीत, ‘डेटाबेस लुकअप’ नावाची पायरी असते.

ती करते एवढंच: काट्यावरचा मुनीम पट्टीवरचा नंबर वाचून खातेवहीचं पान काढतो, तशी ती आलेल्या प्रत्येक ओळीतलं मूल्य घेऊन टेबलात शोधते, सापडलेल्या नोंदीतले हवे ते कॉलम त्या ओळीला जोडते आणि ओळ पुढे पाठवते. खाली अपाची हॉप या पाइपलाइन बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधली मांडणी दिली आहे. हॉप मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि ते पेंटाहो या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरच्या केटल भागातूनच निघालेलं असल्याने पेंटाहो वापरणाऱ्यांनाही हीच खिडकी जवळजवळ जशीच्या तशी दिसेल. पडद्यावर नावं इंग्रजीत असतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टेबलांच्या कॉलमांची नावं समजायला सोपी म्हणून मराठीत दिली आहेत, पण प्रत्यक्ष टेबलात ती रोमन अक्षरांतच ठेवा, पुढचा त्रास वाचतो.

कशावरून शोधायचं, ते आधी ठरवा

खिडकी भरायला दहा मिनिटं पुरतात. खरा प्रश्न जुळणी कोणत्या कॉलमवर करायची हा असतो, आणि तो हॉप उघडण्याआधी सोडवायचा असतो.

नावावर जुळणी करू नका, गावाच्या नावावर तर मुळीच नको. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे आणि चांदूर बाजारही आहे, दोन्ही तहसिली. केंद्रावरचा मुलगा घाईत नुसतं ‘चांदूर’ लिहितो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी यांचं तेच. खुर्द-बुद्रुकच्या जोड्या तर प्रत्येक तहसिलीत. त्यातही कोणी ‘बु.’ लिहितो, कोणी ‘बुद्रुक’, कोणी कंसात, कोणी काहीच नाही. महसुली यादीत काही मौजांपुढे ‘रिठ’ लागलेलं असतं. तिथे वस्ती नाही, पण वावरं आहेत आणि त्या वावरांचे मालक तुमचे सभासद असू शकतात. गावासाठी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी ग्रामसंकेतांक वापरा, आणि माणसासाठी कंपनीने दिलेला सभासद क्रमांक.

सभासद क्रमांक टेबलात एकदाच येतो, असं गृहीत धरू नका, तपासा. सभासद क्रमांकावर गट पाडून एकापेक्षा जास्त नोंदी असलेले क्रमांक काढणारी एक साधी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवा. अशा जोड्या बहुतेक वेळा वारस-नोंदीतून येतात: बापाचं नाव तसंच राहतं, मुलाची नवी नोंद त्याच क्रमांकावर चढते. त्या निस्तरून मग त्या कॉलमवर युनिक इंडेक्स टाका. एकाच इंडेक्समध्ये दोन कामं होतात, पुढची दुबार नोंद अडते आणि शोधही झटपट होतो. विनाइंडेक्स टेबलात प्रत्येक ओळीसाठी पूर्ण टेबल चाळलं जातं. हजारभर नोंदींत ते जाणवत नाही, पण सातबाराच्या लाखांच्या टेबलावर पाइपलाइन बसून राहते.

फाइलकडून येणारं मूल्य धुऊन घ्या

‘डेटाबेसमध्ये आहे, पण लुकअपला सापडत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

सर्वांत आधी शून्य. सभासद क्रमांक ‘००४१७’ असा असेल आणि कोणी ती सीएसव्ही मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर पुढची शून्यं गेली. फाइल वाचताना हॉपमध्ये त्या कॉलमचा प्रकार ‘इंटिजर’ (पूर्णांक) ठेवला तरी तेच होतं. क्रमांकावर बेरीज-वजाबाकी करायची नसेल तर तो ‘स्ट्रिंग’च (मजकूर) ठेवा, टेबलातही आणि फाइल वाचतानाही. दोन्हीकडचे प्रकार वेगळे असले तर काय होईल हे डेटाबेसवर अवलंबून आहे. पोस्टग्रेस मजकुराच्या कॉलमची आकड्याशी तुलना करायला सरळ नकार देतो आणि पाइपलाइन लाल होते. मायएसक्यूएल स्वतःहून रूपांतर करून पुढे जातो. मला पोस्टग्रेसचा हा ताठा आवडतो, चूक निदान पहिल्याच दिवशी दिसते.

मग रिकाम्या जागा. लुकअपच्या आधी ‘स्ट्रिंग ऑपरेशन्स’ हा ट्रान्सफॉर्म (हॉपमध्ये पायरीला हेच नाव) लावा आणि जुळणीच्या कॉलमवर ‘ट्रिम’ दोन्ही बाजूंनी करा. तो कायमच असू द्या.

आणि आपल्या लिपीच्या खास भानगडी. काही केंद्रांवर संगणकाचा कळफलक मराठीवर असतो आणि क्रमांक देवनागरी आकड्यांत येतो. डोळ्यांना ‘४१७’ सारखंच वाटलं तरी डेटाबेससाठी तो वेगळाच मजकूर. ‘रिप्लेस इन स्ट्रिंग’मध्ये दहाही आकड्यांचे नियम एकदा लिहून टाका. नावांवर कधी तुलना करायची वेळ आलीच तर ‘ऱ्ह’सारख्या जोडाक्षरांकडे पाहा. ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका कळफलकावरून स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन येतं, दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असं येतं. पडद्यावर दोन्ही सारखी. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून युनिकोड एकसारखं करणारं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन आहे, पण ते हे अदृश्य चिन्ह काढत नाही. तो प्रकार वेगळ्याने बदलावा लागतो.

जुन्या याद्या कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर लुकअपचा विचारही करू नका. तिथे मराठी फक्त दिसतं, आत रोमन अक्षरं भरलेली असतात. आधी युनिकोडमध्ये बदला, मग पुढचं.

जोडणी

हॉपच्या मेटाडेटा विभागात ‘रिलेशनल डेटाबेस कनेक्शन’ नवं करा. प्रकार, सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (पोस्टग्रेससाठी सहसा ५४३२, मायएसक्यूएलसाठी ३३०६), डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड भरून ‘टेस्ट’ दाबा. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर परवान्याच्या कारणाने हॉपसोबत येत नाही, तो वेगळा उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवावा लागतो. पत्ता आणि पासवर्ड थेट न लिहिता व्हेरिएबलमधून घ्या, म्हणजे चाचणीच्या डेटाबेसवरून खऱ्यावर जाताना पाइपलाइनला हात लावावा लागत नाही. लुकअपसाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा युजर करा. बँक खात्यांच्या टेबलात लिहिण्याचा अधिकार या पाइपलाइनला लागतच नाही.

लुकअपची खिडकी भरताना

पाइपलाइनमध्ये ‘डेटाबेस लुकअप’ ट्रान्सफॉर्म आणा, ट्रिमच्या पायरीपासून त्याच्यापर्यंत जोडरेषा ओढा आणि उघडा. नाव अर्थपूर्ण द्या, ‘सभासद शोध’ वगैरे. एकाच पाइपलाइनमध्ये ‘डेटाबेस लुकअप २’, ‘डेटाबेस लुकअप ३’ झाले की लॉग वाचताना डोकं फिरतं. वरच्या भागात कनेक्शन निवडा, स्कीमा आणि लुकअप टेबल निवडा.

मधला तक्ता जुळणीच्या अटींचा. डावीकडे टेबलातला कॉलम, मग तुलनेचं चिन्ह, मग फाइलमधलं फील्ड. आपल्याला एकच ओळ हवी: सभासद_क्र, बरोबर, सभासद_क्र. इथलं ‘गेट फील्ड्स’ बटण दाबलं की फाइलमधली सगळीच फील्डं अटी म्हणून भरली जातात. वजन, तारीख, पट्टी क्रमांकही. तसंच सोडलं तर टेबलात नसलेल्या कॉलमांवर क्वेरी फसते किंवा काहीच जुळत नाही. बटण वापरलंत तर नको त्या ओळी लगेच काढा.

खालच्या तक्त्यात टेबलातून काय आणायचं ते. नाव, ग्रामसंकेतांक, खाते क्रमांक, आयएफएससी. चार रकाने असतात: टेबलातला कॉलम, नवं नाव, डिफॉल्ट आणि प्रकार. नवं नाव जरूर द्या. दोन लुकअप एकापाठोपाठ असले आणि दोन्हींतून ‘नाव’ आलं, तर पुढे कोणतं सभासदाचं आणि कोणतं गावाचं, हे ओळखत बसावं लागतं. प्रकाराच्या रकान्यात टेबलात जो आहे तोच ठेवा. खाते क्रमांकाला चुकूनही आकडा करू नका, पुढच्या शून्यांचा प्रश्न तिथेही आहेच.

याच तक्त्यात आणखी एक ओळ वाढवा: टेबलातला सभासद_क्र, नवं नाव ‘सापडलेला_क्र’, डिफॉल्ट रिकामा. जो क्रमांक आपल्याकडे आधीच आहे तो पुन्हा का आणायचा, असं वाटेल. उत्तर पुढच्या भागात.

सापडलं नाही तर

लुकअपला नोंद सापडली नाही तर तो थांबत नाही. आणायच्या फील्डांत डिफॉल्ट मूल्य भरतो, आणि डिफॉल्ट दिलं नसेल तर ती ‘नल’, म्हणजे रिकामी, ठेवतो, आणि ओळ पुढे जाते. लॉग हिरवा. कुठेही कुरकुर नाही. पंधरा दिवसांनी एखादे काकाजी कार्यालयात येतात, ‘भाऊ, माह्या कापसाचे पैसे अजून नाई आले ना जी!’, तेव्हा शोधाशोध सुरू होते.

खिडकीत ‘डू नॉट पास द रो इफ द लुकअप फेल्स’ असा एक पर्याय आहे. त्यावर टिक केली की न सापडलेली ओळ तिथेच गळते. यादी स्वच्छ दिसते म्हणून अनेकांना हा आवडतो. चुकाऱ्याच्या कामात हा पर्याय लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतकऱ्याचा माल काट्यावरून उतरलेला आहे, जिनिंगला गेलेला आहे, आणि त्याची ओळ मात्र हिशोबातून कोणालाही न कळता नाहीशी झाली, असं होऊन चालणार नाही. हा पर्याय तिथे ठीक, जिथे टेबलात नसलेलं आपल्याला खरोखरच नको असतं. उदाहरणार्थ, फक्त एका योजनेतले लाभार्थी गाळून घ्यायचे आहेत.

डिफॉल्टचंही तसंच. न सापडलेल्या गावाला डिफॉल्ट म्हणून मुख्य केंद्राचं गाव, न सापडलेल्या भावाला शून्य, असं खरं वाटू शकणारं मूल्य देऊ नका. शून्य भाव पुढे सरासरीत मिसळतो आणि मग तो कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही. डिफॉल्ट द्यायचंच असेल तर पाहताक्षणी खटकेल असं द्या, नाहीतर रिकामं सोडा.

आता त्या जास्तीच्या ओळीचा उपयोग. खाते क्रमांक ‘नल’ आला याचे दोन अर्थ होतात: सभासदच सापडला नाही, किंवा सभासद आहे पण त्याचं खातं अजून नोंदलेलं नाही. दोन्हींची कामं वेगळी. पहिल्यात केंद्रावर फोन करून क्रमांक तपासायचा, दुसऱ्यात शेतकऱ्याकडून पासबुकाची झेरॉक्स मागवायची. ‘सापडलेला_क्र’ नल असेल तर पहिला प्रकार, तो भरलेला आणि खातं नल असेल तर दुसरा. लुकअपच्या लगेच पुढे ‘फिल्टर रोज’ लावा, अट ‘सापडलेला_क्र इज नल’. खरी ठरलेली ओळ एका वेगळ्या फाइलमध्ये, खोटी ठरलेली पुढे. तिथे दुसरा फिल्टर खात्यासाठी.

वेगळ्या काढलेल्या फाइलमध्ये पट्टी क्रमांक, केंद्र, वजन, मूळ फाइलचं नाव, आणि सभासद क्रमांक जसा आला होता तसा, ट्रिम करण्याआधीचा, असू द्या. त्यासाठी धुण्याआधीच मूळ मूल्याची एक प्रत ठेवावी लागते. ती नसली की ‘४१७’ का नाही सापडला यावर नुसते तर्क चालतात.

एकापेक्षा जास्त नोंदी सापडल्या तर लुकअप पहिली मिळालेली घेतो आणि बाकीच्या सोडतो. पहिली कोणती, हे ‘ऑर्डर बाय’ दिल्याशिवाय डेटाबेसच्या मर्जीवर. ‘फेल ऑन मल्टिपल रिझल्ट्स’वर टिक केली की अशा वेळी पाइपलाइन थांबते. युनिक इंडेक्स असेल तर त्याची गरज नाही. दुसऱ्या कोणाच्या ताब्यातलं टेबल वाचत असाल आणि इंडेक्स टाकता येत नसेल, तर हा पर्याय चालूच ठेवा.

कॅश (मेमरीतली तात्पुरती साठवण) कधी, किती

डेटाबेस त्याच लॅपटॉपवर असेल तर हा भाग वरवर वाचला तरी चालेल. पण डेटाबेस नागपूर-पुण्याच्या सर्व्हरवर आणि पाइपलाइन तहसिलीच्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, अशी आपल्याकडची रीत. समजा एका फेरीला ८० मिलिसेकंद लागतात आणि हंगामाच्या २०,००० पट्ट्या पुन्हा चालवायच्या आहेत. प्रत्येक ओळीमागे एक क्वेरी, म्हणजे १,६०० सेकंद, जवळपास २७ मिनिटं. तेवढ्यात लाइट जाऊन येते.

‘एनेबल कॅश’वर टिक केली की एकदा शोधलेला सभासद लक्षात राहतो. त्या २०,००० पट्ट्या १,२०० सभासदांच्या असतील तर क्वेऱ्याही १,२०० च्या आसपासच, म्हणजे दीडेक मिनिट. त्याखालच्या ‘कॅश साइज’मध्ये शून्य म्हणजे मर्यादा नाही. ‘लोड ऑल डेटा फ्रॉम टेबल’वर टिक केली की सुरुवातीलाच पूर्ण टेबल मेमरीत येतं आणि मग नेटवर्कचा संबंधच उरत नाही. सभासदांच्या हजार-दोन हजार नोंदींसाठी मी हेच वापरतो. लाखांच्या टेबलावर मात्र चार जीबी रॅमच्या लॅपटॉपचा श्वास कोंडतो.

पूर्ण टेबल मेमरीत आणताना एक फरक ध्यानात ठेवा. तुलना आता डेटाबेस करत नाही, हॉप करतं, आणि ते तंतोतंत करतं. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत) ‘वायटीएल’सारखं रोमन लिपीतलं मूल्य मोठ्या अक्षरांत असो की छोट्या, जुळतं. हॉपच्या मेमरीत जुळत नाही. ठराविक लांबीच्या कॉलममध्ये डेटाबेसने शेवटी भरलेल्या रिकाम्या जागाही इथे आडव्या येतात. कॅश लावल्यावर न सापडलेल्यांची फाइल अचानक फुगली तर कारण बहुधा हेच.

कॅश एका फेरीपुरतीच जगते. पाइपलाइन चालू असताना कोणी सभासदाचं खातं दुरुस्त केलं तर ते पुढच्या फेरीत दिसेल. रात्रीच्या कामात त्याने काही बिघडत नाही.

तारखेवर बदलणारी मूल्यं

आपण दिलेला भाव हमीभावाच्या किती वर-खाली होता, असा तक्ता संचालक मागतात. इथे नुसता पिकावर लुकअप चालत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ साठी ८,११०. मध्यम धाग्याचा अनुक्रमे ७,१२१ आणि ७,७१०. कापसाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. घरात साठवलेला कापूस कोणी २८ सप्टेंबर २०२५ ला काढला आणि शेजाऱ्याने ३ ऑक्टोबरला, तर दोघांसाठी तुलनेचे आकडे वेगळे, फरक क्विंटलमागे ५८९ रुपयांचा.

भावाच्या टेबलात पीक, प्रत, पासून_तारीख, पर्यंत_तारीख आणि भाव ठेवा. लुकअपमध्ये चार अटी: पीक बरोबर, प्रत बरोबर, पासून_तारीख ‘पेक्षा लहान किंवा समान’ खरेदी_तारीख, पर्यंत_तारीख ‘पेक्षा मोठी किंवा समान’ खरेदी_तारीख. तुलनेच्या यादीत ‘बिट्वीन’ दिसतो आणि हात तिकडेच जातो, पण तो उलटा आहे. तो टेबलातला एक कॉलम फाइलमधल्या दोन फील्डांच्या मध्ये आहे का, हे पाहतो. आपल्याला फाइलमधली एक तारीख टेबलातल्या दोन कॉलमांच्या मध्ये हवी आहे. म्हणून दोन स्वतंत्र अटी.

चालू हंगामाची पर्यंत_तारीख रिकामी सोडू नका. ‘नल’शी केलेली कोणतीच तुलना खरी ठरत नाही, आणि नेमके चालू हंगामाचेच भाव सापडणार नाहीत. ३० सप्टेंबर लिहा. ही जोडणी करताना मी कॅश बंद ठेवतो. टेबल दहा-वीस ओळींचं, आणि लहान-मोठ्याच्या तुलना डेटाबेसनेच केलेल्या बऱ्या. नेट फारच रडत असेल तर आधी पट्ट्यांतल्या वेगळ्या तारखा काढून तेवढ्यांचेच भाव आणा.

ओलाव्याची कपात मात्र लुकअपमधून आणण्याच्या फंदात पडू नका. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण दर, १२ पर्यंत कपात, त्यावर खरेदी नाही. हे गणित आहे, ते ‘कॅल्क्युलेटर’मध्ये करा.

चालवून पाहणं

खऱ्या फाइलवर सोडण्याआधी हाताने एक छोटी सीएसव्ही लिहा. एक बरोबर सभासद, एक अस्तित्वात नसलेला क्रमांक, एक शेवटी रिकामी जागा असलेला, एक देवनागरी आकड्यांतला, एक सभासद क्रमांकच नसलेली ओळ, आणि एक खातं नसलेला सभासद. प्रत्येक ओळ कुठे जायला हवी ते आधी कागदावर लिहा, मग प्रीव्ह्यू पाहा. क्रमांक नसलेली ओळ ‘न सापडलेल्या’मध्येच गेली पाहिजे.

रोजच्या फेरीत ओळी मोजा आणि वजनही मोजा. आलेल्या ओळी बरोबर यादीत गेलेल्या अधिक बाजूला काढलेल्या, आणि क्विंटलची बेरीजही तशीच जुळली पाहिजे. ओळींच्या संख्येत न दिसणारी गडबड वजनात दिसते.

बाजूला काढलेल्या ओळी दुरुस्त होऊन पुन्हा त्याच पाइपलाइनमधून येणार, आणि लाइट गेल्याने अर्धवट राहिलेली फेरीही पुन्हा चालणार. म्हणून शेवटी टेबलात लिहिताना ‘इन्सर्ट/अपडेट’ (नोंद असली तर बदलतो, नसली तर घालतो) वापरा, जुळणी केंद्र आणि पट्टी क्रमांक या दोन्हींवर. नुसता पट्टी क्रमांक पुरत नाही, प्रत्येक केंद्राचं पुस्तक एकपासूनच सुरू होतं.

एका सभासदामागे अनेक नोंदी मुद्दाम हव्या असतील, जसं त्याचे सगळे गट क्रमांक, तर ही पायरी सोडून ‘डेटाबेस जॉइन’ घ्या. तो एका ओळीच्या अनेक ओळी करून देतो. आणि शोधायची यादी डेटाबेसमध्ये नसून दुसऱ्या एका फाइलमध्येच असेल तर ‘स्ट्रीम लुकअप’. त्यातही ‘सापडलेला_क्र’ची युक्ती तशीच लागू पडते.